स्पोकच्या चाकांवर नवे टायर : खर्च किती, आणि तो कुठे करावा

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीचे टायर बदलायचे ठरले की मालक पहिला फोन टायरच्या भावासाठी करतो. भाव विचारावाच, पण एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली किंवा जग्वारच्या स्पोकच्या चाकांना टायर बसवताना टायरची खरेदी हे सगळ्यांत सोपे काम असते. ट्यूब कोणती घातली, रिमच्या आत पट्टी नीट बसली का आणि चाक बॅलन्सिंग मशीनवर कशाच्या आधाराने मध्यावर आणले, यावर ताशी ८०-९० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरणार की नाही हे ठरते. या तिन्ही गोष्टींना मिळून जेवढा पैसा लागतो त्यापेक्षा एक टायर महाग पडतो. तरीही कामे बिघडतात ती इथेच.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात बनलेली ही गाडी मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत नेहमी दिसते. तिची स्पोकची चाके १४ इंची, साडेचार इंच रुंदीची आणि ६० स्पोकची असतात. स्टेपनी धरून पाच चाकांचा हिशेब आज महाराष्ट्रातल्या शहरात साधारण असा बसतो : टायर प्रत्येकी ४,००० ते ५,५०० रुपये, ट्यूब ६०० ते ९००, रिमची पट्टी १५० ते ३००, जुना टायर काढून नवा चढवण्याचे १५० ते ३०० आणि बॅलन्सिंगचे २०० ते ४००. एकूण २६ ते ३७ हजार. वजनांचे पैसे वेगळे. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदार त्याआधीचे दरपत्रक दाखवत असेल तर नवे मागा.

टायर इतक्या स्वस्तात कसा मिळतो? एमजीबीला सुरुवातीला ५.६०-१४ मापाचे क्रॉसप्लाय टायर येत, पुढे १५५ आणि १६५ रुंदीचे रेडियल आले. जुन्या पद्धतीने लिहिलेले '१६५ आर १४' हे माप आजच्या १६५/८० आर १४ च्या अगदी जवळचे आहे, व्यासात फरक पडलाच तर काही मिलिमीटरचा. आणि १६५/८० आर १४ हे माप मारुतीने स्विफ्ट आणि डिझायरच्या खालच्या प्रकारांना वर्षानुवर्षे दिले आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावीसुद्धा ते मिळते. एमजीबीच्या मालकाला परदेशातून टायर मागवायची गरज नाही, ही मोठी सोय आहे. ज्यांना जुन्या नक्षीचाच टायर हवा त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये पिरेली, व्रेडेस्टाइन वगैरेंचे खास टायर मिळतात, पण तिथे एका टायरला साधारण १२० ते २०० पौंड पडतात. प्रदर्शनात मांडायची गाडी असेल तर तो खर्च समजू शकतो. रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला मी देशी टायरच घालेन.

दुकानात '१८५/७० घाला, गाडी रुंद दिसेल' असा सल्ला मिळेल. तो मानू नका. रुंद टायर वळणावर रस्ता घट्ट धरतो आणि तो सगळा जोर स्पोकवर येतो. साडेचार इंची रिमवर टायरची बाजूही फुगून बसते.

टायर घेताना बाजूवरचा डीओटीचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे : २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायर साधारण एकाच काळातले मागा. जुन्या गाड्या वर्षाला फार धावत नाहीत, त्यामुळे त्यांचे टायर झिजून बाद होत नाहीत, वयाने कडक होऊन बाद होतात. दुकानात आधीच दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर पूर्ण किमतीला घेणे म्हणजे त्याचे निम्मे आयुष्य दुकानदाराला देऊन टाकणे.

आधी चाक तपासा

टायर विकत घेण्यापूर्वी, जुना टायर चाकावर असतानाच ही तपासणी करा. खर्च काही नाही. जॅकवर चाक उचला, रिमच्या कडेजवळ एखादी काडी किंवा तार स्थिर धरा आणि चाक हळू फिरवा. कड काडीपासून आतबाहेर किंवा वरखाली किती सरकते ते पाहा. दोन मिलिमीटरपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर आधी आउट, म्हणजे रिमचे वाकडेपण, काढून घ्यायचा, मग टायर. उलट क्रमाने केले तर आउट काढायला टायर पुन्हा उतरवावा लागतो आणि चढवण्या-उतरवण्याचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

मग एखाद्या लहान पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवत जा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल झालेला बोदा. एखाददुसरा बोदा स्पोक ओढून घेता येतो. एकाच भागात ओळीने चार-पाच बोदे निघाले, किंवा निपलपाशी, म्हणजे स्पोक रिममध्ये आवळणाऱ्या बारीक नटापाशी, गंज धरून स्पोक बारीक झाला असेल, तर त्या चाकावर नवा टायर चढवू नका.

तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. स्पोकचे चाक चार-पाच बोल्टांवर बसत नाही. हबवर उभे दाते असतात, चाकाच्या मध्यभागी तसेच दाते आतून कापलेले असतात, आणि मध्यावर एकच मोठा नट असतो. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ या सायकल बनवणाऱ्या कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे झटकन निघणारे चाक मोटारींसाठी रूढ केले. इंजिनाची ताकद आणि ब्रेकचा जोर हे दातेच पेलतात. ते झिजले की चाक हबवर किंचित मागेपुढे हलू लागते, आणि पूर्ण झिजले तर मागच्या चाकाला ताकदही पोचत नाही आणि ब्रेकही. चाक वर उचलून एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि दोन्ही हातांनी चाक पुढे-मागे पिळा. 'टक' असा आवाज आला की दाते झिजले. चाक काढल्यावर दातेही पाहा : चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, झिजलेल्याचा टोकदार.

दाते गेले असतील तर चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात. झिजलेल्या हबवर नवे चाक चढवले तर हब ते नवे चाकही खातो. इंग्लंडमध्ये एमजीबीचे रंगवलेले नवे चाक २०० पौंडांच्या आसपास, क्रोमचे ३०० च्या आसपास, हब साधारण शंभर पौंड. त्यावर कुरिअर आणि आयात शुल्क. म्हणजे एका चाकाच्या जागी देशी टायरच्या कितीतरी पट खर्च. हा आकडा टायर घेण्याआधी कळलेला बरा.

आउट काढण्याचे काम बुलेट आणि जावाची चाके बांधणारे जुने कारागीर करतात, आणि त्यांच्यातले काही फार उत्तम करतात. मोटारसायकलच्या चाकाला दीडशे ते चारशे रुपये घेणारा कारागीर मोटारीच्या चाकाला हजार ते अडीच हजार मागेल. द्या. साठ स्पोक, दोन-तीन ओळींत वेगवेगळ्या कोनांत बसवलेले. अर्धा दिवस जातो. त्याला एकच गोष्ट आधी सांगा : मोटारीच्या चाकात रिम हबच्या बरोबर मध्यावर नसते, एका बाजूला सरकवलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी ते अंतर मोजून लिहून ठेवायचे आणि काम झाल्यावर तेच यायला हवे. आणि ओढलेल्या स्पोकची टोके निपलच्या वर आली असतील तर ती कानशीने सपाट करायची, नाहीतर ती ट्यूबमध्ये घुसतील.

चाक घरीच काढा

माझा आग्रहाचा सल्ला : गाडी टायरच्या दुकानात नेऊ नका, चाके न्या. दुकानातल्या पोराच्या हातात हवेची गन असते आणि मध्यावरच्या नटासाठी तिचा काही उपयोग नाही. मग तो लोखंडी हातोडा शोधतो. क्रोमचा नट आणि ठोकण्यासाठी त्याला असलेले कान त्या पाच मिनिटांत कायमचे खराब होतात.

घरी तांब्याच्या किंवा शिशाच्या डोक्याचा हातोडा ठेवा. हजार-दोन हजारांची वस्तू आहे, गाडी आहे तोवर टिकते. कान नसलेला अष्टकोनी नट असेल तर त्याचा पाना लागतो. अमेरिकेने १९६८ पासून नव्या गाड्यांवर असे बाहेर आलेले कान बंद केले, त्यामुळे नंतरच्या बऱ्याच गाड्यांवर अष्टकोनी नट दिसतो.

नट कुठल्या दिशेने सुटतो यावर खूप गोंधळ होतो. एमजी आणि जग्वारसाठी नियम सोपा आहे : गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने नट सुटतो. म्हणजे डाव्या बाजूचा घड्याळाच्या उलट, उजव्या बाजूचा घड्याळाच्या दिशेने. दोन्ही बाजूंचे आटे त्यासाठी वेगळे कापलेले असतात. नटावर बाण आणि बाजू बहुधा कोरलेली असते, पण पुन्हा पुन्हा क्रोम चढवून ती बुजलेली असू शकते. चाके काढली की नट घरीच ठेवा, डावे-उजवे वेगळे. हबच कधी खोलून बाजू बदलून लावले गेले, तर चालत्या गाडीत नट आवळला जाण्याऐवजी सुटत जातो.

ट्यूब आणि पट्टी

स्पोकची निपले रिमला आरपार भोके पाडून बसवलेली असतात, म्हणून रिम हवा धरत नाही. शिवाय जुन्या रिमला आतून तो उंचवटा नसतो जो ट्यूबलेस टायरची कड जागेवर अडवून धरतो. 'सिलिकॉन भरून ट्यूबलेस करून देतो' म्हणणारे भेटतात. भोके बुजतील, उंचवटा येणार नाही. ट्यूबच घाला. कारखान्यातूनच ट्यूबलेस म्हणून बनवलेली नवी स्पोकची चाके इंग्लंडमध्ये मिळतात, पण ती वेगळी वस्तू आहे.

ट्यूब घालायची म्हणजे तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, ट्यूब रेडियल टायरसाठीची आणि १४ इंचीच हवी. रेडियलच्या बाजू जास्त लवचिक असतात, त्या सतत हलत राहतात, आणि साधी ट्यूब त्या घर्षणाने फाटते. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये पुन्हा वापरू नका. ती ताणून मोठी झालेली असते, आत तिला घडी पडते आणि घडीवरच ती फुटते. ट्यूबला भोक पडले की ट्यूबलेससारखी हवा हळूहळू जात नाही, क्षणात जाते. घाटात हे होऊ द्यायचे नसेल तर हजार रुपयांच्या आतल्या या वस्तूवर काटकसर करू नका.

दुसरी, व्हॉल्व्ह. ट्यूबवर टीआर १३ किंवा टीआर १५ लिहिलेले असते. टीआर १३ साठी रिमला सुमारे साडेअकरा मिलिमीटरचे भोक लागते, टीआर १५ साठी सुमारे १६ मिलिमीटरचे. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो डुलतो, कडेवर घासतो आणि मुळाशी चिरतो. आपल्या चाकाचे भोक व्हर्नियरने मोजून मग ट्यूब घ्या, किंवा मधल्या रबरी बुचाची सोय करा.

तिसरी, टायरची आतली बाजू. आजचे टायर ट्यूबलेस म्हणूनच बनतात आणि काहींच्या आत बारीक रेघा, उंचवटे असतात. ते ट्यूबला कानशीसारखे घासतात. दुकानात टायरच्या आत हात फिरवून पाहा. गुळगुळीत असेल तोच घ्या. आत चिकटवलेले कागदी लेबल सोलून टाकायला सांगा. एवढासा कागद, पण काही हजार किलोमीटरांत ट्यूबला भोक पाडतो.

निपलांवर पट्टी हवीच. ट्रकसाठीचा फ्लॅप जाड असतो, इथे बसत नाही. मोटारीच्या रिमसाठी पातळ रबरी पट्टी मिळाली तर उत्तम; इंग्लंडमधून मागवली तर पाच ते आठ पौंडांना पडते आणि कुणाच्या बॅगेतून सहज येते. नाहीतर चांगल्या प्रतीची रुंद कापडी टेप, दोन थर. विजेची काळी टेप कधीच नाही, उन्हात तिचा गोंद वितळतो आणि ती सरकते.

टायर चढवताना ट्यूबला आणि टायरच्या आतून शंखजिऱ्याची पूड लावायला सांगा. टायर चढला की हवा भरून एकदा पूर्ण सोडायची, मग पुन्हा भरायची. ट्यूबची घडी त्याने सुटते. हे न सांगता करणारा माणूस भेटला तर तोच धरून ठेवा. काचेच्या चकचकीत दुकानापेक्षा हायवेवरचा ट्रकचे टायर करणारा पंक्चरवाला ट्यूबचे काम चांगले जाणतो, असा माझा अनुभव आहे, कारण तो ते रोज करतो. मशीनवर चढवत असतील तर क्रोमच्या कडेला धरणाऱ्या जबड्यांवर प्लॅस्टिकची टोपणे लावली आहेत का ते पाहा, आणि ट्यूब आत असताना लोखंडी पहार वापरू देऊ नका.

बॅलन्सिंग : इथे उभे राहा

बाकी सगळ्या कामाला चहा पिऊन या, बॅलन्सिंगच्या वेळी मात्र मशीनपाशी उभे राहा.

साधे चाक मशीनच्या फिरत्या दांड्यावर मागच्या सपाट पाठीवर टेकते आणि मधल्या भोकात एक शंकू घुसून ते मध्यावर आणतो. स्पोकच्या चाकाला टेकायला अशी सपाट पाठच नसते. गाडीवर ते दोन तिरक्या कडांवर बसते : आतल्या बाजूला हबची तिरकी कड, बाहेरच्या बाजूला नटाची. दाते चाक फिरवतात, मध्यावर आणत नाहीत. म्हणून मशीनवरही चाक याच दोन तिरक्या कडांवर बसायला हवे. दुकानदार सवयीने एकच शंकू एका बाजूने घालतो, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची वाटी दाबतो आणि नट आवळतो. चाक तिरपे किंवा मध्यापासून किंचित सरकून बसते.

'किंचित' म्हणजे काय, ते हिशेबाने पाहा. ट्यूब-टायरसह चाक साधारण १७ किलोचे धरले आणि ते अर्धा मिलिमीटर सरकून बसले, तर मशीन चौदा इंची रिमच्या कडेवर जवळजवळ ४८ ग्रॅम खोटी चूक दाखवते. दुकानदार प्रामाणिकपणे तेवढे वजन लावतो, पडद्यावर शून्य येते, तुम्ही पैसे देता. आपल्याकडे वजनाचे पैसे ग्रॅमवर घेतात, ग्रॅमला दोन ते चार रुपये. म्हणजे आधी ठीक असलेले चाक बिघडवण्याचे शंभर-दोनशे रुपये तुम्हीच भरता. पाच चाकांचे धरले तर हजारापर्यंत.

ओळखायचे कसे? शून्य आल्यावर दुकानदाराला सांगा : नट सैल करा, दांडा स्थिर ठेवून फक्त चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा मशीन चालवा. आकडा पाच-दहा ग्रॅमच्या आत राहिला तर चाक मध्यावर बसले होते. तीस-चाळीस ग्रॅम दाखवले तर बसवणेच चूक होते, लावलेली वजने काढा. दोन मिनिटांची ही चाचणी कुठल्याही दुकानात फुकट करता येते, आणि ती करायला जो नकार देतो त्याच्याकडे स्पोकची चाके देऊ नका.

उपाय दोन आहेत. पहिला, दोन्ही बाजूंनी योग्य मापाचे शंकू. चांगल्या दुकानाकडे शंकूंचा पूर्ण संच असतो. आत एक, बाहेर एक, असे बसवता आले तर बहुतेक चाके ठीक होतात. दुसरा, खास अडॅप्टर. जुना हब मिळवा आणि भोसरी-चिंचवडकडच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याकडून तो मशीनच्या दांड्यावर बसेल असा कातून घ्या. दांडा साधारण ३६ ते ४० मिलिमीटरचा असतो, पण आधी तुमच्या दुकानातल्या मशीनचे माप घ्या. चार ते आठ हजारांत काम होते. एका मालकाला हे महाग वाटेल, पण त्याच जातीच्या गाडीचे चार-पाच मालक एकत्र आले तर प्रत्येकाला दोन हजारांच्या आत पडते, आणि अडॅप्टर कायमचा होतो. एमजी, ट्रायम्फ आणि जग्वारच्या हबांची मापे एकसारखी नाहीत, म्हणून भागीदार त्याच मापाचे निवडा.

मशीनच नको असेल तर जुना मार्ग अजून चालतो. पुढचे चाक गाडीच्याच हबवर बसवा, ब्रेक पॅड बाहेर काढा म्हणजे चाक मोकळे फिरेल, हाताने फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबेल. वरच्या बाजूला वजन लावत जा, जोवर चाक कुठेही सोडले तरी तिथेच थांबत नाही. याने आडवे हेलकावे सुधारत नाहीत, पण अरुंद टायरवर बरेच काम होते आणि चाक नेमके खऱ्या कडांवर बसलेले असते. मग हबवर आणि चाकावर खडूने खूण करा आणि चाक पुन्हा काढले तर त्याच जागी बसवा.

वजने चिकटवण्याची घ्या, ठोकून बसवण्याची नको. ठोकलेले वजन क्रोम उडवते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. आतल्या बाजूला, निपलांच्या मधल्या सपाट जागेत, स्पिरिटने पुसून कोरडे करून लावायची. एका चाकाला १०० ग्रॅमहून जास्त लागत असेल तर थांबा. एकतर चाक नीट बसलेले नाही, नाहीतर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून पाहायला हवा. टायरची जड बाजू आणि चाकाची जड बाजू एकत्र आली असेल तर तेवढ्यानेच निम्मे वजन वाचते. फिरवून बसवण्याचे दीडशे-दोनशे रुपये जातील, ते सत्कारणी लागतात.

टीसी, एमजीए आणि जग्वारवाल्यांसाठी

एमजीबीची सोय सगळ्यांना नाही. एमजीएची चाके १५ इंची, मूळ माप ५.६०-१५. अ‍ॅम्बॅसेडरला येणारे ५.९०-१५ हे माप त्याच्या जवळचे आहे आणि एमजीए ट्विन कॅमला ५.९०-१५ च येत असे. अ‍ॅम्बॅसेडरचा टायर मिळाला तर डीओटीचा शिक्का दोनदा वाचा, कारण जुना साठा विकायला काढलेला असतो. क्रॉसप्लाय आणि रेडियल एकाच अ‍ॅक्सलवर कधीही मिसळू नका. एका गाडीवर दोन्ही घालावेच लागले तर क्रॉसप्लाय पुढे, रेडियल मागे. उलट केले तर वळणावर मागचा भाग निसटतो.

एमजी टीसीचे चाक १९ इंची, टायर ४.५०-१९. बुलेटच्या पुढच्या टायरचा आतला व्यासही १९ इंच असल्यामुळे तो चढतो. चढतो म्हणून घालू नका. मोटारसायकलचा टायर झुकण्यासाठी गोल माथ्याचा बनवतात आणि त्याची भार पेलण्याची क्षमता मोटारीच्या चाकाची नसते. टीसीला खरा टायर परदेशातूनच आणावा लागतो, तिथे दीडशे पौंडांच्या पुढे. जग्वार ई-टाइपला मूळचे ६.४०-१५, पुढे १८५ व्हीआर १५. तिच्या वेगाला साजेसा टायर २०० ते ३०० पौंडांचा.

आणि पैसे असले तरी टायर सरळ मागवता येत नाही. जून २०२० मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, परवाना लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या शिक्क्याची अटही आहे. म्हणून 'आणून देतो' म्हणणाऱ्याकडून आयातीचे कागद आणि जीएसटीचे बिल घ्या, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी डीओटीच्या शिक्क्याचा फोटो मागवा. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या क्लबातल्या मालकांनी एकत्र मागणी केली तर परवानाधारक आयातदाराशी बोलणे सोपे जाते. चाके, ट्यूब, पट्ट्या यांना टायरइतकी अडचण नाही.

५० वर्षांहून जुन्या गाडीची २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी केली असेल (नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००), तर ती रोज चालवता येत नाही, पण देखभालीसाठी रस्त्यावर आणता येते. बॅलन्सिंगनंतरची चाचणी फेरी त्याच दिवशी, दुकानाच्या बिलासह करा.

चाके परत बसवताना

दाते, दोन्ही तिरक्या कडा आणि आटे स्वच्छ पुसून गंजविरोधी ग्रीसचा पातळ थर द्या. कोरडे दाते लवकर झिजतात आणि पुढच्या वेळी चाक निघत नाही. नट आवळायला सुरुवात चाक हवेत असतानाच करा म्हणजे ते कडांवर सरळ बसते. गाडी खाली टेकवून मग शेवटचे घाव घाला. दुकानदाराने हवा बहुधा ३२ पौंड भरलेली असते. आजच्या गाडीला ती ठीक, तुमच्या गाडीच्या पुस्तकात बहुधा कमी लिहिलेली असेल, पुस्तकाप्रमाणे ठेवा.

पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा ठोकून पाहा. स्पोकच्या चाकाला हे प्रत्येक वेळी करावे लागते, आणि थोडा नट फिरला तर घाबरू नका; पुन्हा ५० किलोमीटरनंतर पाहा, तेव्हा तो फिरता कामा नये. आठवड्याभराने व्हॉल्व्ह पाहा. तो रिममधून सरळ बाहेर आलेला हवा. एका बाजूला कलला असेल तर टायर रिमवर सरकतो आहे, ट्यूबला सोबत ओढतो आहे. हवा कमी आहे किंवा टायरची कड नीट बसलेली नाही. हवा सोडा, टायर मोकळा करून व्हॉल्व्ह सरळ करा, पुन्हा भरा. पंक्चरवाला याचे पन्नास-शंभर रुपये घेईल. न केल्यास व्हॉल्व्ह मुळातून तुटतो आणि नवी ट्यूब जाते.